पहिल्या वर्षाचा प्रकल्प आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

तुझा प्रश्न वाचला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात बीएचं पहिलं वर्ष. पानशेतच्या पुरावर दीड हजार शब्दांचा प्रकल्प द्यायचाय, सोबत सरांनी वाचायला वीस पानी इंग्रजी रिसर्च पेपर दिलाय. चार दिवसांत तीन पानं वाचून झाली आणि आता ‘हे मला जमणारच नाही’ असं वाटायला लागलंय. तुला ‘तू’च म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मीही बार्शीहून पुण्यात आले तेव्हा पहिले सहा महिने असंच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रजी अडतंय हे खरं. पण खरी अडचण इंग्रजीची नाही, वाचण्याच्या पद्धतीची आहे. शाळेत छापलेलं सगळं खरं धरून आपण पाठ करतो. कॉलेजात प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारायचं असतं आणि आपल्या लिखाणातही त्याचं उत्तर द्यायचं असतं. रेफरन्स देणं म्हणजे दुसरं काही नाही.

तो पेपर पहिल्या ओळीपासून वाचू नकोस. आधी सुरुवातीचा सारांश, मग थेट शेवटचा भाग, मग मधले मथळे आणि तक्ते. एवढ्यात अर्धा तास जाईल. मग एका कागदावर मराठीत लिही: लेखक नेमकं काय म्हणतोय आणि कशाच्या आधारावर म्हणतोय? मुलाखती घेतल्यात, सरकारी अहवाल पाहिलेत की जुनी वर्तमानपत्रं? हे कळलं की मगच तुझ्या कामाचे भाग नीट वाच. प्रत्येक अडलेल्या शब्दासाठी शब्दकोश उघडू नको. जो शब्द चार-पाचदा येतो तेवढाच शोध, तो त्या विषयाचा शब्द असतो.

आता विषयाचं. 12 जुलै 1961 ला बांधकाम चालू असलेलं पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. एवढं तर पुण्यात सगळ्यांनाच माहीत असतं. ‘पानशेतचा पूर’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. ‘पुरानंतर गोखलेनगरात राहायला गेलेल्या कुटुंबांच्या कामधंद्यावर काय परिणाम झाला?’ हा प्रश्न झाला. दीड हजार शब्दांत याचं थोडंफार उत्तर देता येतं, आणि काय वाचायचं, काय सोडायचं हेही तोच ठरवतो. प्रश्न धरायलाच एक आठवडा गेला तरी जाऊ दे.

नोट्स कशा काढायच्या हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा फटका बसला. पहिल्या वर्षी व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी माझ्या प्रकल्पातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “हा कुठून घेतला?” मला पुस्तकाचं नावसुद्धा आठवेना. तेव्हापासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे लेखकाचं म्हणणं, पुस्तकाचं नाव, साल, पान क्रमांक. उजवीकडे माझं.

समजा एका लेखात वाक्य आहे: ‘पुरामुळे पेठांमधील जुने वाडे कोसळले व तेथील रहिवासी शहराच्या इतर भागांत स्थलांतरित झाले.’ बहुतेक मुलं याचं ‘महापुरामुळे पुरातन वाडे जमीनदोस्त झाले व तेथील लोक अन्यत्र गेले’ असं करतात. शब्द बदलले, वाक्य त्याचंच राहिलं. ही चोरीच. त्याऐवजी पुस्तक मिट, आणि डावीकडे लिही: ‘वाडे पडले म्हणून लोक हलले, असं लेखक म्हणतो, पान 14.’ उजवीकडे: ‘सगळेच हलले का? मालकाकडे निदान जागा उरली, भाडेकरूचं काय?’ हा उजवीकडचा प्रश्न तुझा स्वतःचा आहे. तुझा प्रकल्प अशाच ओळींतून उभा राहणार.

वाङ्मयचौर्याबद्दल युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2018 चे नियम आहेत. त्यात दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून मुलं ‘दहाच्या आत बसवायचंय’ म्हणत शब्द फिरवत बसतात. ते मनातून काढून टाक. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, विचार कुणाचा ते त्याला कळत नाही. सरांना मात्र कळतं. एआयकडून अवघड परिच्छेद समजून घ्यायला हरकत नाही, पण रेफरन्स मागू नकोस. अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि पेपर ते बिनदिक्कत लेखकाच्या नावासकट देतं. जे पान तू स्वतः उघडून पाहिलं नाहीस, ते यादीत घालायचं नाही.

साहित्य शोधायला ‘शोधगंगा’ ही वेबसाइट उघड. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, मराठीतलेही. अख्खा प्रबंध वाचायची गरज नाही. पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची बघ. कुणी वर्षानुवर्षं शोधलेली पुस्तकं तुला एका दुपारी सापडतात. मग कॉलेजच्या ग्रंथालयात जा, आणि तिथे नसेल तर कॉलेजचं पत्र घेऊन विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात चौकशी कर. ग्रंथपालांना ‘पानशेतवर काही आहे का’ असं विचारू नको, तुझा प्रश्न पूर्ण सांग. मला आयुष्यात सगळ्यात जास्त मदत ग्रंथपालांनी केली आहे आणि बुजून त्यांच्याकडे न जाणारी मुलं पाहिली की फार वाईट वाटतं.

आणि गोखलेनगर तर तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे. पुराच्या वेळी दहा-बारा वर्षांचे असलेले लोक आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. कुणी आजी-आजोबा बोलायला तयार असतील तर आधी कशासाठी विचारतेयस ते सांग, लिहून घ्यायची परवानगी घे आणि तारीख टाक. ही माणसं पुढच्या वर्षी भेटतीलच असं नाही, म्हणून हे काम पेपर वाचून संपायच्या आधी, याच रविवारी कर.