ढब्बू येईल, मनी घरीच राहू दे

प्रश्न : डॉक्टरताई, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं सासूबाईंच्या माहेरी, वेळणेश्वरला चार दिवस जायचं म्हणतोय. घरी ढब्बू आहे (लॅब्रॅडोर, ६ वर्षं, ३४ किलो) आणि मनी (मांजर, ४ वर्षं). मुलांचा हट्ट आहे की दोघांनाही न्यायचं. गाडी घरचीच आहे. ढब्बूला घाटात उलट्या होतात आणि मनी तर आजवर फ्लॅटच्या बाहेर पडलेली नाही. प्रवासभर दोघं झोपून राहतील असं काही औषध देता येईल का? आणखी काय तयारी करू?
– स. प., कोथरूड

उत्तर : ताई, आधी मनीचं सांगते. तिला नेऊ नका. ढब्बूला तुम्ही जिथे असाल तिथे करमेल. मनीला तिची खिडकी, सोफ्यामागचा कोपरा, स्वतःचा वास लागलेली गादी हवी असते. कौलारू घरात दारं दिवसभर उघडी, माणसांची वर्दळ. ती पहिल्या तासाभरात माळ्यावर नाही तर अडगळीत जाऊन बसेल. घाबरलेलं मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय. चार दिवस शेजारच्या काकू किंवा कुणी नातेवाईक सकाळ-संध्याकाळ येऊन खाणं, पाणी आणि मातीचा ट्रे बघतील अशी सोय करा. खिडक्यांच्या जाळ्या तपासा. काकूंना एकच गोष्ट बजावून सांगा : मनीनं दिवसभर काही खाल्लं नाही तर लगेच फोन करायचा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते, आणि अंगानं भरलेल्या मांजरात हे लवकर होतं. मुलांना वाईट वाटेल, पण त्यांना हे सगळं नीट समजावून सांगा. मुलं ऐकतात.

आता झोपेचं औषध. ते ढब्बूलाही नको. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तसाच अंगातली उष्णता घालवतो. गुंगीत त्याची ही क्रिया मंदावते, तोल जातो, आणि भीती मात्र आत तशीच राहते. उलटीसाठी कुत्र्यांचं वेगळं औषध मिळतं, ते वजनावर ठरतं. त्याला घेऊन या, मी लिहून देते. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. निघण्याआधी सहा तास खायला देऊ नका, पाणी मात्र थोडं थोडं द्या. आणि आतापासून दोन-तीन रविवार त्याला जुन्या कात्रज घाटातून फिरवून आणा. वळणांची सवय होते आणि गाडी म्हणजे दरवेळी दवाखाना नव्हे, हेही त्याला कळतं.

पहाटे चारला निघा. सातारा, उंब्रज, पाटण करत कोयनानगरला पोचाल तेव्हा ऊन चढलेलं नसेल, आणि कुंभार्ली घाट सकाळच्या गारव्यात उतराल. ढब्बूला मागच्या सीटवर छातीच्या पट्ट्याने बांधा, गळ्याच्या नको. ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. दर दोन तासांनी थांबा. चहाला उतराल तेव्हा एक जण त्याच्यापाशी राहिलाच पाहिजे. बाहेर ३० अंश असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत ४० च्या आसपास होतं, काच चार बोटं खाली ठेवली तरी. दरवर्षी मे महिन्यात असा एक तरी कुत्रा माझ्या टेबलावर येतो, आणि सगळे वाचत नाहीत. तो खूप धापा टाकतोय, लाळ दाट झालीय, हिरड्या लालबुंद दिसताहेत असं वाटलं तर सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

कोकणात गेल्यावर मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती आंब्याच्या कोयीची. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात असाच एक लॅब्रॅडोर आला होता. गुहागरहून परतून तीन दिवस झाले होते, पाणी प्यायला तरी उलटून पडत होतं. पोट चाचपताना बोटांखालून काहीतरी चपटं, टणक सरकलं. पोट उघडलं तर लहान आतड्यात रायवळ आंब्याची अख्खी कोय, केसांसकट, आणि तिच्याभोवती आतडं जांभळं पडलेलं. तेवढा तुकडा कापून टाकावा लागला. कुत्रा वाचला. मग घरच्यांना आठवलं, मागच्या पडवीत बसून सगळ्यांनी आंबे चोखले होते आणि कोयी केळीच्या बुंध्याशी टाकल्या होत्या. तुम्ही झाकणाची बादली ठेवा, आणि रोज रात्री मुलांना कोयी मोजायला लावा. माशांचे काटेही त्याच बादलीत.

समुद्रावर सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा. वाळूवर, कातळावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसणार नाही. प्यायचं पाणी सोबत न्या, नाहीतर तो खारं पाणी पितो आणि रात्रभर जुलाब होतात. किनाऱ्यावर पडलेले मेलेले मासे हुंगू देऊ नका. त्यात केंड असला तर तो जीवघेणा विषारी असतो.

सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, दगडी गडग्यांच्या कडेनं त्याला मोकळा सोडू नका. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं भरपूर, आणि कुत्रा दगडाच्या फटीत नाक खुपसतो, म्हणून दंश बहुधा तोंडालाच होतो. तसं झालं तर चिरा देणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नका. उचलून गाडीत घाला. त्यासाठी गुहागर आणि चिपळूणच्या पशुवैद्यकांचे नंबर आत्ताच मिळवा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कुणाकडे आहे ते फोनवर विचारून ठेवा.

रात्री ढब्बू घरात झोपेल, दार लावून. अंगणात किंवा पडवीत बांधायचा नाही. बिबट्या कुत्र्यासाठी थेट अंगणात येतो, हे सासूबाईंना विचारा, त्या जास्त सांगतील. आणि त्यांच्या माहेरच्या मंडळींना आधी फोन करून स्पष्ट विचारा : कुत्रा चालेल का, घरात गाय, कोंबड्या, दुसरा कुत्रा आहे का, देवघराकडे त्याला जाऊ द्यायचं की नाही. पाहुणा म्हणून कुणी नाही म्हणणार नाही, म्हणून आपणच विचारायचं.

गोचिडांची गोळी निघण्याआधी द्या, आणि परतल्यावर कान, काखा, पंज्यांच्या बोटांमधल्या जागा रोज चाचपा. रेबीजची लस चालू वर्षाची आहे ना, ते कार्ड काढून बघा.

प्रश्न : आमचं नागपूर–मुंबई थ्री टायर एसीचं तिकीट झालंय. आमची पॉमेरेनियन मांडीवर बसून येते. चालेल ना?
– व. दे., नागपूर

उत्तर : नाही चालणार. थ्री टायर, टू टायर, स्लीपर, चेअर कार, यांतल्या कशातच कुत्र्याला परवानगी नाही. मांडीवर असली तरी उतरवतात. पहिल्या वर्गात दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच ती तुमच्यासोबत येऊ शकते. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं, म्हणून दुसरी सोय हाताशी ठेवा. लसीकरणाचं कार्ड आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी घेतलेला पशुवैद्यकाचा दाखला घेऊन दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसला जा, तिथे तिचं लगेजच्या दराने बुकिंग होतं. गार्डच्या डब्यात कुत्र्यांचा पिंजरा असतो, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात एवढ्याशा जिवाला एकटीला त्यात घालू नका. त्यापेक्षा तिला नागपुरातच ओळखीच्या घरी ठेवा, तिची चादर आणि रोजचंच खाणं सोबत देऊन.