कोल्हापूर दोन दिवसांत, कमी खर्चात कसं पाहावं?

तुम्ही विचारलंय की दोन दिवस हाताशी आहेत, सोबत वयस्कर आई-वडील आहेत, स्वतःची गाडी नाही आणि राहण्याचा खर्च सोडला तर खिशाला फार चाट लागायला नको, तर कोल्हापुरात काय काय पाहता येईल. इथं बघण्यासारख्या बहुतेक गोष्टींना तिकीटच नाही. सांभाळायची असते ती वेळ. उशिरा गेलात तर तालीम रिकामी, दूध कट्ट्यावरच्या म्हशी परतलेल्या आणि अंबाबाईची रांग लांबच लांब.

आधी वार ठरवा. मंगळवार-शुक्रवार देवीचे, रविवार जवळच्या डोंगरावरच्या जोतिबा देवाचा, त्या दिवशी गर्दी असते, सोमवारी टाऊन हॉल म्युझियम बंद. म्हणून बुधवार-गुरुवार सगळ्यात सोयीचे. नवरात्रात गर्दीची तयारी ठेवूनच या.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आत गंगावेशीत पोचा. गंगावेश तालमीसारख्या जुन्या तालमींत पैलवानांची मेहनत पहाटेच सुरू होते. आठनंतर गेलात तर नुसता हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, दिसेल. वस्तादांना विचारायचं, चपला बाहेर काढायच्या आणि भिंतीकडेला गप बसायचं. हौद्यातली लाल माती हळद, ताक, तेल, लिंबू घालून तयार केलेली असते, तिच्यात पाय टाकायचा नाही. फोटोही विचारूनच. बायकांना आत सोडतात की नाही, हे प्रत्येक तालमीचं वेगळं असतं, म्हणून दारातच विचारून घ्या.

गंगावेशीतच दूध कट्टा आहे. सकाळ-संध्याकाळ म्हशी आणतात आणि समोर धार काढून पेला हातात देतात. दूध निरसं असतं, उकळलेलं नसतं. सवय नसेल तर पोट बिघडतं, त्यामुळे आई-वडिलांनी नुसतं बघावं हेच बरं. तिथून पंचगंगेचा घाट चालत गाठता येतो. दगडी पायऱ्या, दीपमाळा, छोटी देवळं आणि पलीकडे शिवाजी पूल, सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र घाट पाण्याखाली असू शकतो. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात येणार असाल तर निघण्याआधी पाणीपातळीची बातमी बघा.

मग अंबाबाई. आई-वडिलांना रांगेत उभं राहणं जमत नसेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग घ्या, दर्शन थोडं लांबून होतं पण लवकर होतं. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देवळाला बाहेरून सावकाश फेरी मारा. काळ्या दगडातल्या भिंतींना कोनावर कोन दिलेत, आणि त्यांवर वादक, नर्तकी, योगिनी कोरल्यात. बरेच भाविक हे न बघताच चप्पल स्टँडकडे वळतात, याचं वाईट वाटतं. मूर्ती पश्चिमाभिमुख असल्यामुळे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात: आधी चरण, मग छाती, मग मुख. ढग असले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं, तर किरणं मुखापर्यंत पोचत नाहीत. त्या दिवसांत आत शिरणं अवघड, पण बाहेर स्क्रीनवर दिसतं.

दुपारचं जेवण कपिलतीर्थ मार्केटजवळच्या अन्नछत्रात मोफत मिळतं. यथाशक्ती दान जरूर टाका.

यानंतरचं सगळं पायी होण्यासारखं आहे. भवानी मंडप आणि तिथलं तुळजाभवानीचं देऊळ, शेजारी कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची चप्पल लाईन, पुढे शाहू महाराजांनी बांधलेलं गोल खासबाग मैदान. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे अर्धपुतळे आहेत. ते १९५० साली, आंबेडकर हयात असतानाच बसवलेत. दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा बघताना आजूबाजूची बोर्डिंगं ओळखायचा प्रयत्न करा. सगळ्या जातीधर्मांच्या मुलांना शिकता यावं म्हणून महाराजांनी वसतिगृहांना जागा आणि मदत दिली. महाराज समजून घ्यायला मला हा चौक कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

जवळच टाऊन हॉल म्युझियम, तिकीट किरकोळ. आत समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती चुकवू नका. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. सातवाहन काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराचा इतका ठळक पुरावा क्वचितच बघायला मिळतो. न्यू पॅलेसमधल्या म्युझियमला तिकीट जास्त आहे. पैसे वाचवायचेच असतील तर तो सोडा.

संध्याकाळ रंकाळा तलावावर. पाणी उतरलेलं असलं की तलावातला दगडी संध्यामठ पूर्ण दिसतो, भरलेलं असलं की बराचसा बुडालेला असतो.

दुसरा दिवस पन्हाळ्याला द्या. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते, अंतर सुमारे २० किलोमीटर. बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ च्या पुढे एसटी मोफत. वडिलांचं आधार कार्ड जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टर पूर्ण तिकीट फाडेल. आधी अंबारखाना (धान्याची कोठारं) आणि सज्जा कोठी, मग तीन दरवाजा आणि अंधारबाव ही विहीर. सगळा गड चालणं वयस्करांना झेपणार नाही. तीन दरवाजाकडे जायला रिक्षा करा, भाडं बसण्याआधी ठरवा. पावसाळ्यात सज्जा कोठीवरून धुक्याशिवाय काही दिसत नाही. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याउतरल्याच स्टँडवर विचारून ठेवा.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर या दोन दिवसांत बसवू नका. गाड्या बदलत जावं लागतं, आणि स्वर्गमंडपाच्या उघड्या गोल छताखाली निवांत बसायला अख्खा दिवस हवा.