रविवार चुकवू नकोस

बाय,

परवा पडवीत बसून तू एम.पी.एच.चं, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदवीचं वेळापत्रक, नीटचा अभ्यास आणि चार संस्थांची सेवेची कामं एका कागदावर मांडलीस आणि विचारलंस, "ताई, हे सगळं बसवू कुठे?" बसणार नाही. चारांतल्या तीन संस्था खोड. एक गाव ठेव, एक वार ठेव आणि तो वार चुकवू नकोस.

सेवेच्या प्रमाणपत्रांचं तर बोलूच नकोस माझ्याशी. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० गुणांवर होतो, तिथे सेवेची फाइल कोण उघडतो? वयाची वरची अटही २०२२ मध्ये गेली, तेव्हा उशीर झाल्याची धास्ती सोड. गावात जायचं ते गावासाठी. मग नेमानंच जायचं.

लावणीचे दिवस आठव. उंदराच्या मुतानं बाटलेलं पाणी, त्यात दिवसभर भेगाळलेले पाय. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप तिथूनच शिरतो. तो टाळायला डॉक्सीसायक्लिनची गोळी, २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. पण दर आठवड्याला! एकदा मळमळलं की बाई पुढची गोळी फळीवर ठेवून देते. "उपाशीपोटी घेतलंस काय गो? पेज जेवून घे," हे सांगायला त्याच वारी तोच चेहरा दारात लागतो. तुझ्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलंय.

एमबीबीएसला असताना मी दर रविवारी एका वाडीवर जायचे. तिथल्या एका म्हातारीच्या पायाला कुष्ठरोगानं बधिरपणा आलेला, तळव्याला जखम. परीक्षा आली आणि तीन रविवार मी गेले नाही. निरोपही धाडला नाही. चौथ्या रविवारी गेले तर खळ्यातल्या दांडीवर धुतलेल्या पट्ट्या वाळत होत्या, चुलीवर टोप चढवलेला. "गो बाय, तीनय आयतवार पाणी तापवन ठेवलंय," एवढंच म्हणाली. जखम हाडापर्यंत पोचली होती. मला दोन तास काढता आले असते. मी काढले नाहीत.

त्यानंतर मी वार चुकवला नाही. त्यापायी एमडी दोन वर्षं लांबली, बरोबरीचे मुंबईत स्थिरावले, घरच्यांनी वेडी ठरवलं. मी चुकले नाही, बाय. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले, त्या १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. एका जागी टिकल्याशिवाय असं काही हाती लागतं का?

तू म्हणशील, सोमवारी पेपर असला तर? तर तासाभरासाठी जा. अगदीच जमणार नसेल तर आदल्या दिवशी गावातल्या आशाताईला, म्हणजे तिथल्या आरोग्य कार्यकर्तीला, फोन कर, कोणाला पाणी तापवायला लावू नकोस. बाकीचे सहा दिवस अभ्यासाचे, त्यात कोणी शिबिराला बोलावलं तर सरळ नाही म्हण.

कुठलं गाव ठेवलंस ते कळव. आणि गमबूट घे. तुझ्या डाव्या टाचेला चीर आहे, परवाच पाहिली मी.

तुझी ताई