वेळापत्रकाची वरची ओळ का निसटते?

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीसाठी मी लोकलच्या वेळापत्रकाचं वेबपान केलंय. मुलुंड ते सीएसएमटी १८ स्टेशनांचे १८ रकाने, प्रत्येक गाडीची एक ओळ. टेबल आडवं सरकवलं तर गाडीच्या नावाचा डावा रकाना जागेवर राहतो, पण खाली गेलं की स्टेशनांची ओळ नाहीशी होते. दोन्हींना पोझिशन स्टिकीच (सरकवलं तरी कडेला चिकटून राहायला सांगणारा सीएसएस नियम) दिलंय. मग समोरची वेळ कुर्ल्याची की शीवची, ते कसं कळणार?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: डावा रकाना हलत नाही ना, मग तुमचं स्टिकी बरोबर आहे. ते कुणाला धरून बसलंय, तेवढं पाहा.

स्टिकी आपल्या बाहेरच्या डब्यांपैकी सगळ्यात जवळच्या स्क्रोल-डब्याची, म्हणजे आतला मजकूर सरकू शकेल अशा डब्याची, कडी धरतं. टेबल आडवं सरकावं म्हणून तुम्ही भोवतीच्या डिव्हला (पानातल्या डब्याला) ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, म्हणजे 'रुंदीत मावलं नाही तर आडवं सरकू दे', दिलं असणार. एका दिशेला ऑटो दिलं की दुसऱ्या दिशेचं 'व्हिजिबल' (जास्तीचं बाहेर दिसू दे) टिकत नाही, ब्राउझर तेही ऑटोच धरतो. डिव्ह आडवा खरोखर सरकतो, म्हणून डावा रकाना चिकटतो. उभा मात्र तो सरकतच नाही. उंचीला मर्यादा नसल्याने तो टेबलाएवढा वाढलाय आणि सरकतंय ते अख्खं पान. कडी धरलेला माणूस डब्याबरोबरच जातो, तशी तुमची ओळ डिव्हबरोबर वर निघून जाते.

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या तक्त्यावर माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या. मी झेड-इंडेक्स (एकावर एक आलेल्यांत वर कोण, ते ठरवणारा आकडा) वाढवत राहिले, त्याचा इथे काही संबंधच नव्हता.

डिव्हला मॅक्स-हाइट ८०व्हीएच, म्हणजे जास्तीत जास्त पडद्याच्या ८० टक्के उंची, द्या. मग उभं सरकणंही त्याच्याच आत होईल आणि टॉप शून्य असलेली ओळ वर थांबेल. वर-खाली पानाची थोडी जागा मोकळी ठेवा. दादरच्या गर्दीत एका अंगठ्याने सरकवणाऱ्याला बाहेर पडायला वाट हवी.

पुढे एखाद्या साध्या, अरुंद पानावर स्टिकी रुसलं, तर बाहेरच्या कुठल्या डिव्हला ओव्हरफ्लो हिडन (जास्तीचं लपव) आहे का बघा. स्क्रोलपट्टी दिसत नसली तरी तोही स्क्रोल-डबाच असतो. तिथे हिडनऐवजी क्लिप लिहा, ते जास्तीचं नुसतं कापतं, स्क्रोल-डबा करत नाही; २०२२ पासून ते सफारीतही चालतं. तुमच्या टेबलाला मात्र क्लिप नको, मुंबईकडची स्टेशनं कापली जातील.

आणि हो, ओळीला पार्श्वरंग द्या, नाहीतर खालच्या वेळा स्टेशनांच्या नावांतून दिसतील. कोपऱ्यातल्या घराला टॉप आणि लेफ्ट दोन्ही द्या. झेड-इंडेक्स लागतो तो तिथे.