बाईंना विचारा : काटकसर म्हटलं की पोरं रुसतात

दिवाळी संपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. चकली का मोडली हे विचारणारे मागे पडतात आणि क्रेडिट कार्डाची बिलं हातात घेतलेले पुढे येतात. मी आयुष्यभर पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. त्यामुळे उत्तरात आकडे येणारच, ते गोड मानून घ्या.

प्रश्न : बाई, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घरात यजमान, सासूबाई, मुलगी (वय ११) आणि मुलगा (वय ७). फ्लॅटचा हप्ता सुरू झाल्यापासून वीस तारखेलाच खातं कोरडं पडतं. खर्च कमी करू या म्हटलं की मुलगी दार आपटते, मुलगा विचारतो, "आपण गरीब झालो का?" आणि यजमान म्हणतात, "तू बघ काय ते." हे हसतखेळत करता येईल का?

येईल, पण त्यासाठी आधी "तू बघ काय ते" बंद झालं पाहिजे. घरात एकच माणूस 'नको' म्हणणारं असलं की बाकीचे चौघे आपोआप विरोधी पक्षात जातात. मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणजे तिला बेरीज-वजाबाकी, सरासरी, शेकडेवारी सगळं येतं. हिशेब तिच्या हातात द्या. वाचलेल्या पैशातले निम्मे हप्त्याकडे वळवा. उरलेल्या निम्म्यांचं काय करायचं हे दोन्ही मुलं ठरवतील, आणि त्यात मोठ्यांनी तोंड घालायचं नाही. ही अट पाळणार नसाल तर पुढचं वाचू नका.

सुरुवात वीजमीटरपासून करा. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त असतात. १०१ ते ३०० या टप्प्यात दर जवळपास दुप्पट पडतो. समजा तुमची १८० युनिटं झाली, तर महागड्या दराने लागतात ती वरची ८०. आणि आपण वाचवतो ती नेहमी वरचीच युनिटं, म्हणजे महागातली. हे मुलीला बिल समोर ठेवून दाखवा. तिला पटेल, कारण यात उपदेश नाही, नुसतं गणित आहे.

आता खेळ. रोज रात्री आठ वाजता मुलाने खाली जाऊन मीटरचं रीडिंग आणायचं. कालनिर्णयवर जिथे तुम्ही दुधाचे खाडे मांडता, त्याच चौकोनात ते लिहायचं. मग सगळ्यांनी, सासूबाईंनीसुद्धा, उद्याचं रीडिंग किती असेल याचा अंदाज सांगायचा. ज्याचा अंदाज आठवड्यात जास्त वेळा जवळ येईल, त्याने रविवारचा नाश्ता ठरवायचा. चार दिवसांत पोरं स्वतःच विचारू लागतील की आज एवढी युनिटं गेली कुठे. तेव्हा त्यांना सांगा, १००० वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होतं. मग प्रत्येक वस्तूवरचे वॉट शोधत ती घरभर फिरतील.

त्यात एक गंमत उघडकीला येईल. ९ वॉटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त जळला की एक युनिट होतं. २००० वॉटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात उरकतो. आपण मात्र जन्मभर "अरे, लाइट बंद कर!" म्हणून ओरडत असतो आणि आंघोळीला कुणी हाक मारेपर्यंत गीझर चालू ठेवतो. नाशिकच्या थंडीत गीझर बंद करा असं मी म्हणणार नाही. आंघोळी एकापाठोपाठ एक उरकून घ्या आणि शॉवरऐवजी बादली घ्या, एवढं पुरे. नंबर कुणाचा आधी, यावरून भांडणं होतील. होऊ द्या.

दुसरं, मोबाइलवरून मागवलेलं खाणं. प्रत्येक ॲपमध्ये मागच्या ऑर्डरी साठवलेल्या असतात. मुलीला गेल्या तीन महिन्यांची बेरीज करायला सांगा. यजमानांच्या फोनमधलीही धरा, तिथे काहीतरी सापडेल असा माझा अनुभव आहे. बेरीज वाचून दाखवताना कुणीही कुणाला टोमणा मारायचा नाही. मग एकदा तीच डिश त्याच हॉटेलात काउंटरवर केवढ्याला मिळते ते विचारून या. पुष्कळदा ॲपवर मूळ भावच चढा असतो, वर पॅकिंग आणि पोचवण्याचे पैसे वेगळे. आकडा पाहून पोरं काय म्हणतात ते मला कळवा.

मागवणं अगदी बंद करू नका, महिन्यात दोनदा ठेवा. आठवड्यातला एक वार मात्र घरची शिळासप्तमी. श्रावणातली शिळासप्तमी सासूबाईंना माहीत असेलच, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत आणि आदल्या दिवशीचं खातात. इथे चूल पेटेल, पण बाजारातून काही यायचं नाही. फ्रीज उघडायचा आणि आहे त्यातून जेवण उभं करायचं. फोडणीची पोळी, पोळीचा लाडू, उरलेल्या आमटीत कणीक भिजवून केलेले पराठे. शिळा भात मात्र रात्रीच फ्रीजमध्ये गेलेला असला पाहिजे. ओट्यावर राहिलेल्या भाताची फोडणी नको, पोट बिघडलं तर सगळी बचत डॉक्टरांकडे जाते.

आणि सासूबाईंना दोडक्याच्या शिरांची चटणी करायला सांगा. शिरा बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, किसलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ. एरवी कचऱ्यात जाणारी वस्तू मुलं भाकरीबरोबर चाटूनपुसून खातात. कृती यजमानांनी शिकून घ्यावी.

रविवारी मॉलऐवजी एसटी पकडा. एसटीत महिलांना २०२३ सालापासून अर्धं तिकीट आहे, मुलाचंही वयामुळे अर्धंच, आणि सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर त्यांना प्रवास मोफत. म्हणजे तुमच्या घरात पूर्ण तिकीट एकट्या यजमानांचं! आधी सिन्नरला जा, गोंदेश्वराचं देऊळ पाहा. मधे शंकर आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, म्हणजे पंचायतन. कोणत्या कोपऱ्यात कुठला देव, हे मुलांना शोधायला लावा. नंतर डिसेंबर-जानेवारीत नांदूरमधमेश्वर. थंडीत तिथे परदेशी पाहुणे पक्षी उतरतात. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा, २०२० साली तसं जाहीर झालं. तिथे पोचायला मात्र थोडी यातायात आहे, त्यामुळे दुर्बीण असलेलं एखादं कुटुंब सोबत जोडा आणि गाडीचं भाडं वाटून घ्या. डबा घरचा.

प्रश्न : मुलाचा वाढदिवस आहे. सोसायटीत प्रत्येक जण हॉल घेतो, जादूगार आणतो, परतीच्या भेटी देतो. आम्ही साधा केला तर मुलाला कमीपणा वाटेल का? (एक बाबा, जळगाव)

मुलाला वाटेल की तुम्हाला? आठ-नऊ वर्षांच्या पोराला हॉलचं भाडं कळत नाही, आपल्याला खेळायला किती मिळालं एवढं कळतं. गच्चीवर खजिन्याचा शोध ठेवा. चिठ्ठ्या तुम्ही स्वतः लिहा, प्रत्येक चिठ्ठीत एक गणित आणि त्याच्या उत्तरात पुढच्या चिठ्ठीची जागा. खायला भेळ, पाऊण किलो कुरमुऱ्यांत वीस मुलं आटोपतात. आदल्या दिवशी पोरालाच कांदा-टोमॅटो चिरणाऱ्यांच्या हाताखाली बसवा. परतीची भेट म्हणून प्रत्येकाने घरून वाचून झालेलं एक पुस्तक आणायचं आणि जाताना दुसऱ्याचं न्यायचं. हे आमंत्रणातच स्पष्ट लिहा, नाहीतर अर्धी मुलं रिकाम्या हातांनी येतील आणि रडारड होईल.

प्रश्न : खर्च आटोक्यात आणायचा म्हणून कामाच्या मावशींचे पैसे थोडे कमी करावेत असं घरात चाललं आहे. योग्य होईल का?

नाही.

प्रश्न : नातवंडं आली की मी प्रत्येकाला पाचशेची नोट देतो. सून म्हणते, "बाबा, देऊ नका, ती लगेच उडवतात." मला पेन्शन आहे, द्यायला आवडतं. काय करू?

आपल्या हातून द्यावंसं वाटणं मी मोडणार नाही. नोट मात्र हातात देऊ नका, नातवंडाला पोस्टात घेऊन जा. तिथे आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून सुरू होते आणि मुदत पाच वर्षांची असते. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने खातं चालवू शकतं, त्याहून लहान असेल तर पालकाची सही लागते. दर महिन्याला दोघांनी चालत पोस्टात जायचं, पासबुकात नोंद करून घ्यायची आणि येताना वाटेत एकेक उसाचा रस. रसाचे पैसे तुमचे. आणि सूनबाईंना हे आधी सांगा, पोस्टातून आल्यावर नको.

प्रश्न : खरं सांगा बाई, काटकसर म्हणून हे मासिक बंद करू का?

संपादक रागावतील, पण गणित गणितच. तीन घरांनी मिळून एक अंक घ्या. पहिले दहा दिवस एकाकडे, पुढचे दहा दुसऱ्याकडे, शेवटचे तिसऱ्याकडे. शब्दकोडं पेन्सिलीने सोडवायचं आणि पुढच्या घरी देताना खोडून द्यायचं. नाहीतर गावातल्या वाचनालयाची वर्गणी भरा. नाशिककरांना तर सबबच नाही, इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालू आहे. पाककृतीचं पान मात्र कुणी फाडून घ्यायचं नाही. गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयातल्या अंकाचं तेच पान गायब होतं. ज्यांनी नेलं असेल त्यांनी फोटो काढून घ्यावा आणि पान परत आणून चिकटवावं.