अपघातातली ट्रॉली बघायला जातोयस तर टेप खिशात ठेव

जीपमागं बाईक न्यायला सेकंडहँड ट्रॉली घेतोयस ते बरंच की, पण नव्या रंगावर भाळू नकोस, अपघातातल्या ट्रॉलीला रंग मारलाय म्हणजे खाली कायतरी झाकलंय असंच धरायचं. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोज, सात-आठ मिलिमीटरचा फरक आला तर फ्रेम पिळलीय, मग ट्रॉली तिरकी पळणार नि टायर एका बाजूनंच खाणार. दांडा जिथं चौकटीला जोडलाय तिथं वायर ब्रश मार, टॉर्च धर, केसाएवढी चीर दिसली तरी वरून टाका मारून भागत नाही, ग्राइंडरनं खोदून परत वेल्डिंग, बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांच्या भागात करून मिळतं.

चाक उचलून फिरव, घरघर आली तर बेरिंग बदलच. मी कंटाळा केला होता, चोर्ला घाटाच्या उतारावर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, असा तापला की ग्रीस वितळून रिमवर ओघळलं, हात लावला तर चटका.

लाईट मिणमिणत असेल तर आधी अर्थिंगची वायर बघ. सेफ्टी चेन दोन, कपलरखालनं (ट्रॉली जीपला अडकवायचा जोड) एकमेकींवर फुली मारून. बाईकचं वजन एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) जरा पुढंच ठेव, मागं गेलं की ट्रॉली शेपटीसारखी हलते. बेळगावातनं निघालास की संकेश्वरला चहाला थांबशीलच, तेव्हा चाकाचे नट परत आवळ.