रोज वापरायच्या मस्टँग जीटीला कुठला सुपरचार्जर बसवावा आणि ट्यूनिंग कुठपर्यंत ताणावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसमध्ये राहता, 2019 ची फोर्डची मस्टँग जीटी आहे, दहा गिअरची ऑटोमॅटिक. रोज ऑफिसला तीच नेता आणि महिन्यातला एखादा शनिवार ड्रॅग स्ट्रिपवर जातो. इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा सुपरचार्जर (ब्लोअर) बसवायचाय, पण ट्विन-स्क्रू प्रकारचा घ्यावा की सेंट्रिफ्युगल, हे ठरत नाहीये. माझी 2018 ची आहे, इंजिन हेच, ह्यूस्टनमध्ये. सुपरचार्जर बसवून पाचवं वर्ष चालू आहे. म्हणून आधी एकच सांगतो: ब्लोअर निवडण्याआधी टाकीत कुठलं इंधन पडणार आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात हवा किती थंड ठेवता येणार, हे ठरवा. ब्लोअर त्यानंतर आपोआप ठरतो.

या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळातच 12:1 आहे. 2017 पर्यंतच्या मस्टँग जीटीतल्या पाच लिटर कोयोटीला (हे फोर्डच्या या इंजिनाचं नाव) ते 11:1 होतं. त्यात बाहेरून दाबलेली हवा घातली की नॉक, म्हणजे इंधनाचा अवेळी होणारा आणि इंजिन फोडणारा स्फोट, अगदी दारात येऊन उभा राहतो. गणित करून बघा. 38 अंशांची दुपार, 9 पीएसआय बूस्ट (ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब), म्हणजे हवा साधारण 1.6 पट दाबली गेली. ब्लोअरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर त्यातून निघणारी हवा 100 अंश सेल्सियसच्या वर जाते. इंटरकूलर, म्हणजे ही हवा गार करणारा भाग, तिचं तापमान खाली आणतो, पण सिग्नलवर दहा मिनिटं उभे राहिलात की त्यातलं पाणीच तापलेलं असतं. माझ्या गाडीत ऑगस्टमध्ये पार्किंगमधून निघताना इंटरकूलरनंतरची हवा 65 अंश दिसते आणि हायवेवर पाचेक मिनिटांत 45 वर येते. त्या पहिल्या पाच मिनिटांत मी पेडल दाबत नाही. किटबरोबर येणारा हीट एक्स्चेंजर (ते पाणी गार करणारा रेडिएटर) लहान वाटला, तर मोठी पुली-छोटी पुली (ब्लोअर फिरवणाऱ्या बेल्टचं चाक) हा विचार करण्याआधी तो बदला.

इंधनाचं म्हणाल तर टेक्सासात 93 ऑक्टेनचं पेट्रोल सहज मिळतं. कॅलिफोर्नियात असतात तर 91 वर भागवावं लागलं असतं आणि बूस्ट कमी ठेवावा लागला असता. (पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेतला पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. इथलं 93 म्हणजे तिकडच्या मोजमापाने साधारण 98.) ई85 (बरंचसं इथेनॉल असलेलं पेट्रोल) जवळ मिळत असेल तर नॉकची चिंता खूप कमी होते, पण इंधन तीसेक टक्के जास्त लागतं, म्हणजे मोठे इंजेक्टर आणि पंप आलेच. शिवाय पंपावरच्या ई85 मध्ये इथेनॉल 51 ते 83 टक्के कितीही असू शकतं, त्यामुळे इथेनॉलचं प्रमाण मोजणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल सेन्सरशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आता ब्लोअर. सेंट्रिफ्युगलचा बूस्ट साधारण आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांच्या) वर्गाप्रमाणे वाढतो. 7,500 ला 10 पीएसआय देणारा 3,750 ला जेमतेम अडीच देतो. म्हणजे शहरात गाडी जवळपास मूळचीच वाटते आणि वर गेली की सुटते. तो इंजिनाच्या पुढे बाजूला बसतो, बहुतेक किटमध्ये समोरून हवा खाणारा इंटरकूलर असतो, त्यामुळे गरम होण्याचा त्रास कमी. ट्विन-स्क्रू किंवा ईटन कंपनीच्या रोटरवाले टीव्हीएस ब्लोअर इंजिनाच्या दोन हेडच्या मधल्या खाचेत बसतात, 2,500 पासूनच जवळपास पूर्ण बूस्ट देतात, आणि तिथली उष्णताही सोसतात. तुमच्या दहा गिअरच्या ऑटोमॅटिकला स्ट्रिपवर सेंट्रिफ्युगल छान जमतो, कारण आरपीएम खाली पडतच नाही. पण तुमचे वीस दिवस ऑफिसचे आणि एक दिवस स्ट्रिपचा. मी तुमच्या जागी असतो तर टीव्हीएस 2650 वर्गातलं, कंपनीच्या तयार ट्यूनसह (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या बदललेल्या सेटिंगसह) येणारं किट घेतलं असतं. रौशचं 700 अश्वशक्तीचं किट याच वर्गातलं. मूळ 460 वरून ही उडी रस्त्यावर पुरून उरते. प्रमाणित मेकॅनिककडून बसवून घेतल्यास काही किटवर मर्यादित वॉरंटीही मिळते. त्याच्या अटी पैसे देण्याआधी नीट वाचा.

आता पुलीची गोष्ट. क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली 7 इंच आणि ब्लोअरची 3.5 असेल तर ब्लोअर इंजिनाच्या दुप्पट फिरतो, 7,500 ला 15,000. तीच 3.25 केली की 16,150. पाव इंचात आठ टक्के वेग वाढला, आणि उष्णताही. दुसऱ्या वर्षी मीही छोटी पुली बसवून घेतली. लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेल्या आकड्यांत, 5,500 ला 11 पीएसआय, पण 6,800 ला 9. ज्या वर्कशॉपने काम केलं त्यांनी ट्यून पुन्हा करायला सांगितलं, दोनदा पैसेही घेतले. शेवटी मी बॉनेट उघडून टॉर्चने बघितलं. पुलीमागच्या अ‍ॅल्युमिनियमवर काजळीसारखी बारीक काळी पूड बसली होती, बोटाला चिकटणारी. बेल्ट घसरत होता. पुली लहान झाली की बेल्टचा वेढाही कमी होतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं. वेढा वाढवणारा आयडलर (बेल्ट दाबून धरणारं मोकळं चाक) आणि नवा बेल्ट टाकला, बूस्ट सरळ झाला, ट्यूनला हात लावावा लागला नाही. आरपीएमबरोबर बूस्ट खाली येत असेल तर आधी बेल्ट बघा, मग कॉम्प्युटर.

ट्यूनिंगमध्ये मी बूस्टच्या आकड्यापेक्षा चार गोष्टी बघतो: पूर्ण पेडलला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, 1 च्या खाली म्हणजे इंधन जास्त) 0.80 ते 0.82 च्या आसपास टिकतो का, इंजेक्टरची ड्यूटी सायकल (तो किती टक्के वेळ उघडा असतो) 85 टक्क्यांच्या आत आहे का, फ्युएल रेलचा दाब शेवटी पडतो का, आणि कॉम्प्युटर नॉक ऐकून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतोय का. हा लॉग डायनोवर (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवरच काढा, रस्त्यावर नाही. आणि तो गाडी गार असतानाचा नको, लागोपाठ तिसऱ्या ‘पुल’चा (पूर्ण पेडल दाबून केलेल्या धावेचा) हवा. डायनोवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा पहिल्या ‘पुल’चा असतो. ट्यूनरला स्पष्ट सांगा की शेवटचे दोन अंश टायमिंग सोडून द्या. कागदावर थोडी ताकद कमी दिसेल, पण कुठल्यातरी पंपावर कमी दर्जाचं पेट्रोल पडलं तर तेच दोन अंश पिस्टन वाचवतात. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरही त्याच ट्यूनमध्ये करून घ्या, नाहीतर तो टॉर्क अडवत राहतो.

स्पार्क प्लग एक टप्पा थंड (उष्णता लवकर सोडणारा) आणि गॅप 0.7 ते 0.8 मिमी ठेवा, जास्त बूस्टमध्ये ठिणगी विझते. ऑइल पंपाचे मूळ गिअर पावडर मेटलचे आहेत, हे या इंजिनाचं ठाऊक असलेलं दुखणं आहे. बिलेट (अखंड ठोकळ्यातून कापलेल्या) स्टीलचे गिअर घालायला इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते, तेव्हा ते काम किट बसवतानाच उरकून घ्या. मी नंतर करून घेतलं आणि तीच मजुरी दुसऱ्यांदा मोजली.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका, आणि कॅलिफोर्नियाची मंजुरी असलेलं किट घ्या. डॅलस काउंटीत एमिशन तपासणी आहेच. ट्यून टाकल्यावर कॉम्प्युटरचे मॉनिटर (एमिशनच्या स्वतःच्या तपासण्या) शून्यावर जातात, ते पूर्ण व्हायला काही दिवस साधी गाडी चालवावी लागते. तपासणीची तारीख जवळ असेल तर ट्यून तिच्यानंतर टाका.